सावळ्या देवीच्या नगरीत गोरेपणाचा बाजार

दिवाळी पंधरवड्यावर आली की करवीरनगरीतील महाद्वार रोडवर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. आकाशकंदील, पणत्या, रांगोळीचे रंग, किल्ल्यावरचे मातीचे मावळे आणि तयार फराळाची पाकिटे यांच्या जोडीला गेल्या काही वर्षांत आणखी एका मालाने तेथे ठाण मांडले आहे. आठ दिवसांत चेहरा उजळवणारी क्रीम, रंग खुलवणारे सीरम, सणासाठी खास म्हणून विकले जाणारे फेशियलचे संच आणि परदेशी अक्षरांनी मढवलेल्या, पण बनवणाऱ्याचे नाव कोठेही नसलेल्या डब्या! गल्लीतल्या ब्यूटी पार्लरच्या फळीवर, हातगाडीवर, औषधांच्या दुकानात आणि मोबाइलच्या पडद्यावर हा माल सारख्याच सहजतेने मिळतो. सणाला नवे वस्त्र अंगावर घालावे, तसे सणाला नवे काही चेहऱ्यावर लावून पाहावे, अशी रीतच होऊ लागली आहे. 'लावून तर पाहा' हे या बाजाराचे ब्रीदवाक्य आहे.

लावून पाहण्याची किंमत काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. तो विचारण्याची वेळ आता आली आहे. कारण ती किंमत आपल्याच महाराष्ट्रातील एका घराने मोजली आहे आणि ती रुपयांत मोजलेली नाही.

एका घराची कहाणी

अकोल्यातील एका कुटुंबातील आई आणि दोन मुली अशा तिघींना थोड्याफार अंतराने मूत्रपिंडाचा विकार जडला. एकाच घरातील तिघींना एकच व्याधी कशी, याचा उलगडा प्रथम होईना. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात शोध घेतल्यावर तो धागा तिघी वापरत असलेल्या एका क्रीमपाशी येऊन थांबला. गावातील सौंदर्यप्रसाधकाकडून घेतलेले ते क्रीम होते. तपासणीत त्यात पारा सापडला, तोही कायद्याने ठरवलेल्या मर्यादेच्या कित्येक पट. २०२३ च्या आरंभी हे प्रकरण वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. चार दिवस हळहळ व्यक्त झाली आणि समाज पुन्हा खरेदीला लागला.

हा एकट्या अकोल्याचा दुर्दैवयोग असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या गाळणीला होणाऱ्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण अभ्यासले. त्यांतील १५ जणांच्या विकाराची जात एकच निघाली आणि त्या १५ पैकी १३ जण आजारापूर्वी गोरेपणाची क्रीम वापरत होते. 'किडनी इंटरनॅशनल' या मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला. समाधानाची एवढीच गोष्ट की, क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा विकार आटोक्यात आला. परंतु आधी क्रीमवर संशय तर यायला हवा! पायावर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, तर चेहऱ्याला काय लावता हे सांगायचे कोणाला सुचते? आणि ते विचारायचे किती डॉक्टरांना सुचते?

सोनाराला ठाऊक असलेले विज्ञान

यामागचे शास्त्र गहन नाही. आपल्या त्वचेला रंग देणारे द्रव्य म्हणजे मेलॅनिन. उन्हाच्या देशात राहणाऱ्या माणसांना निसर्गाने दिलेले ते छत्र आहे. हे द्रव्य तयार होण्याची प्रक्रिया पारा रोखून धरतो. त्यामुळे काही दिवसांत चेहरा खरोखरच उजळल्यासारखा दिसतो. येथेच खरा घात आहे. वस्तू निरुपयोगी असती तर ग्राहकाने ती फेकून दिली असती. ती गुण दाखवते, म्हणून बहीण बहिणीला सांगते, आई मुलीला देते आणि शेजारीण मागून नेते. चेहऱ्यावर लावलेला पारा त्वचेतून रक्तात उतरतो, मूत्रपिंडात साठतो आणि तेथील गाळणी बिघडवू लागतो. मग शरीराला हवी असलेली प्रथिने लघवीवाटे वाहून जातात. आरशातला चेहरा उजळत असताना आत हा उलटा व्यवहार चाललेला असतो.

कोल्हापूर ही साज घडवणाऱ्यांची नगरी आहे आणि शेजारचे हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. पारा सोन्याचांदीला धरतो, हे येथील कारागिराला कोणी शिकवावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पारायुक्त क्रीम ओळखण्याची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत एक लक्षण असे की, 'सोने, चांदी, अॅल्युमिनियम यांचा स्पर्श होऊ देऊ नये' अशी सूचना अशा काही डब्यांवर असते. विचार करा. जी वस्तू गळ्यातल्या साजाला लागू देऊ नये असे तिचा विक्रेताच बजावतो, ती गळ्याच्या वर, लेकीच्या गालावर मात्र रोज रात्री चोळायची! दागिना जपायचा आणि दागिना घालणारी पणाला लावायची, हा कोणता शहाणपणा?

पाऱ्याखेरीज दुसरे संकट औषधांच्या दुकानातून येते. खाज, इसब यांवर वैद्यकीय देखरेखीखाली वापरायची स्टेरॉइडयुक्त मलमे गोरेपणासाठी सर्रास चेहऱ्याला लावली जातात. पहिल्या काही दिवसांत चेहरा नितळ दिसतो. नंतर कातडी पातळ होते, लाली चढते, मुरुमे उठतात, अनावश्यक केस येतात आणि मलम थांबवावे तर आग होते म्हणून पुन्हा तेच लावावे लागते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षे याविरुद्ध आवाज उठवला. तेव्हा २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा द्रव्ये चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली. कागदावर बंदी आली. दुकानात मात्र 'ते गोरे व्हायचे मलम द्या' एवढे म्हटले तरी काम भागते, हे कोण नाकारील?

शृंगाराला विरोध नाही

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. सणासुदीला बायकामुलींनी नटू नये काय? नटावे, अवश्य नटावे. सोळा शृंगारांची कल्पना करणारी आपली संस्कृती आहे. तिला वैराग्याचा एकच रंग ठाऊक होता असे मानणे अज्ञानाचे आहे. त्यातही कोल्हापूरने रंगभूषेकडे तुच्छतेने पाहावे, हे तर शक्यच नाही. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने याच मातीत चित्रपट घडवले आणि १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा जन्मही येथेच झाला. रंगभूषाकार हा येथे कलावंत मानला गेला.

परंतु रंगभूषेचा धर्म वेगळा आहे. रंग चढवायचा, भूमिका संपली की तो उतरवायचा आणि आपल्या मूळ चेहऱ्याने घरी जायचे. काजळ, कुंकू, मेंदी, अत्तर यांची भूमिकाही हीच. त्या वस्तू आहे त्या रूपाला साज चढवतात. गोरेपणाचे क्रीम साज चढवत नाही. तुझे मूळ रूपच चूक आहे आणि ते दुरुस्त करायला हवे, असे ते सांगते. शृंगार हा आनंद आहे. ही दुरुस्ती म्हणजे लाज आहे. या दोन गोष्टींना एकाच फळीवर मांडून बाजाराने आपली फसवणूक केली आणि आपणही ती आनंदाने करून घेतली.

बाजाराने काय केले?

आपल्या देशात 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये बाजारात आले. नावातच सिद्धान्त होता: जी गोरी, तीच गोड. पुढे दूरदर्शन घरोघर पोहोचले आणि हा सिद्धान्त जाहिरातींतून रोज पढवला जाऊ लागला. सावळी म्हणून नोकरी मिळेना, सावळी म्हणून लग्न जमेना. क्रीम लावले आणि सारे जमले! २००५ मध्ये 'फेअर अँड हँडसम' आले आणि मुलगेही या रांगेत उभे राहिले. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेला नियम करावा लागला की, सावळ्या व्यक्तीला दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवू नये. असा नियम करावा लागतो, यातच तोवर काय चालले होते हे आले.

पुढे २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली'तील 'फेअर' गेले आणि 'ग्लो' आले. का गेले? अमेरिकेत कृष्णवर्णीयांवरील अत्याचारांविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, जगभर वर्णभेदाची चर्चा झाली आणि कंपनीला आपले नाव अडचणीचे वाटू लागले. पंचेचाळीस वर्षे या देशातील सावळ्या मुली आरशासमोर डोळे पुसत होत्या, त्याने ते नाव हलले नव्हते. परदेशातील संतापाने ते काही आठवड्यांत हलले. बाजाराची संवेदना कोणत्या दिशेला तोंड करून बसलेली असते, हे यावरून ध्यानी यावे.

मात्र बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या माथी सारे मारून मोकळे होणेही प्रामाणिकपणाचे नाही. 'लॅक्मे' हे नाव लक्ष्मी या शब्दाच्या फ्रेंच रूपावरून आले. १९५२ मध्ये टाटांच्या कंपनीने ते सुरू केले आणि १९९८ मध्ये ते हिंदुस्थान लिव्हरकडे गेले. महाराष्ट्राची दिवाळी ज्या मोती साबणाने सुगंधित झाली, तोही टाटा ऑइल मिल्सचा. तीही कंपनी नव्वदच्या दशकात लिव्हरमध्येच विलीन झाली. या हस्तांतरणाचे दुःख स्वदेशीच्या कार्यकर्त्याला होणारच. परंतु डबीवरचा मालक बदलल्याने डबीतले विष अमृत होत नाही, तसेच मालक स्वदेशी असल्यानेही होत नाही. 'हर्बल', 'नैसर्गिक', 'आयुर्वेदिक' ही अक्षरे छापायला फारसे धैर्य लागत नाही. आयुर्वेदाचे नाव घेऊन बिनपरवान्याची क्रीम विकणारा माणूस परदेशी कंपनीहून मोठा अपराधी मानला पाहिजे, कारण तो आपल्या श्रद्धेचाच व्यापार करतो. कपाळावरच्या चिकट टिकलीचेच पाहा. तिच्या गोंदातील एका रसायनाने अनेक स्त्रियांच्या कपाळावर पांढरे डाग पडल्याचे त्वचारोगतज्ज्ञांनी पूर्वीच नोंदवले आहे. वस्तू परंपरेतली, पण गोंद कारखान्यातला. परंपरेचे नाव हा शुद्धतेचा दाखला होऊ शकत नाही.

घराने काय केले?

आता सर्वांत कठीण प्रश्न. बाजार मागणीवर जगतो. ही मागणी कोणी निर्माण केली?

विवाहविषयक छोट्या जाहिराती चाळून पाहा. 'गोरी, सडपातळ, सुस्वरूप' हे तीन शब्द आपल्या सुशिक्षित, सुसंस्कृत, मध्यमवर्गीय घरांनीच तेथे छापले आहेत. मुलगी पाहून आल्यावर 'शिकलेली आहे, वळणाची आहे, पण रंगाने जरा डावी आहे' हे वाक्य कोणत्या कंपनीने आपल्या तोंडी घातले? बारशाला आलेली नातेवाईक मंडळी पाळण्यात डोकावून पहिला शेरा कशावर मारतात? उन्हात खेळून आलेल्या मुलीला 'काळी पडशील' म्हणून घरात कोण बोलावते? मैदानावर कबड्डी खेळणाऱ्या, सूर्यनमस्कार घालणाऱ्या, गड चढणाऱ्या मुलींचे कौतुक आपण व्यासपीठावरून करतो आणि घरी आल्यावर तिच्या हातात उजळण्याचे क्रीम ठेवतो. समरसतेवर भाषणे करायची आणि माणसाची किंमत कातडीच्या छटेवरून ठरवायची, या दोन गोष्टी एका घरात नांदू शकत नाहीत.

बरे, हा आपल्या परंपरेचा संस्कार आहे काय? ज्याच्या दर्शनासाठी वारकरी शेकडो मैल चालतो, तो पंढरीचा राणा सावळा आहे. कृष्ण या शब्दाचा अर्थच काळा. महाभारताची नायिका द्रौपदी, तिचे एक नाव कृष्णा. आणि त्या काळातील राजे तिच्या स्वयंवराला धावले होते. रामाचे वर्णन मेघश्याम म्हणून करताना आपल्या आईआजीच्या आवाजात कधी कमीपणा जाणवला नाही. देव्हाऱ्यात सावळेपण पूजायचे आणि दिवाणखान्यात ते लपवायचे, ही विसंगती परंपरेने शिकवलेली नाही. ती आपण कमावलेली आहे.

आणि कोल्हापूरकरांनी तर हे विसरणे अक्षम्य आहे. या नगरीची स्वामिनी, साडेतीन पीठांतील पूर्ण पीठ मानली जाणारी आई अंबाबाई, कृष्णवर्ण पाषाणात उभी आहे. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीअखेरीस किरणोत्सव होतो, तेव्हा मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन तिच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. ते पाहण्यासाठी हजारो माणसे श्वास रोखून उभी असतात. त्या क्षणी देवीचा वर्ण पालटत नाही. तो आहे तसाच तेजाळतो. उजळणे या शब्दाचा आपला अर्थ हा आहे. त्याच महाद्वाराच्या समोरच्या रस्त्यावर त्याच शब्दाचा दुसरा अर्थ डबीत भरून विकला जातो.

अंबाबाईच्या मूर्तीची कथा याहून बोलकी आहे. शतकानुशतकांच्या अभिषेकांनी आणि लेपांनी मूर्तीची झीज होत असल्याचे ध्यानी आल्यावर या नगरीत केवढी चिंता पसरली! भक्तांनी, पुजाऱ्यांनी, अभ्यासकांनी वाद घातले, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. मूळ मूर्तीवरील अभिषेक थांबवावे लागले आणि २०१५ मध्ये पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांकडून तिचे रासायनिक संवर्धन करून घेण्यात आले. दूध, दही, मध ही पवित्र द्रव्ये. तरी मूर्तीला ती बाधतात का, हे आपण तज्ज्ञांना विचारले. पाषाणाची एवढी काळजी वाहणाऱ्या भक्तांनी हाडामांसाच्या लक्ष्मीच्या चेहऱ्यावर काय लावले जाते, याची चौकशी करू नये? पाषाणाला अपाय झाला तर समिती नेमायची आणि लेकीला झाला तर 'तुलाच हौस' म्हणायचे, ही भक्ती नव्हे.

आता काय करावे?

कायदे आहेत. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार साधारण प्रसाधनांत नकळत उतरलेला पारा दशलक्षात एका भागाहून अधिक चालत नाही. डोळ्यांच्या प्रसाधनांची मर्यादा तेवढी वेगळी आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात भारत २०१८ पासून सामील आहे. त्या कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हात बसून पारायुक्त प्रसाधने २०२५ पर्यंत संपूर्ण हद्दपार करण्याचा निर्णय घेतला. गोरेपणाच्या दाव्यांच्या जाहिरातींना जबर शिक्षेच्या कक्षेत आणण्याचा मसुदाही २०२० मध्ये केंद्राने मांडला होता. सरकारने आपले काम करावे, अन्न व औषध प्रशासनाने सणाआधी बाजारात छापे घालावेत, ही मागणी आपण केलीच पाहिजे. परंतु प्रत्येक हातगाडीशेजारी निरीक्षक उभा राहणार नाही. घराच्या उंबऱ्यावर मात्र आपण उभे आहोत.

डबी उलटी करून वाचावी. बनवणाऱ्याचे नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची मुदत आणि घटकांची यादी, एवढे तिच्यावर असलेच पाहिजे. परदेशी मालावर येथील आयातदाराचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक हवा. यांतील काही नसेल, तर ती वस्तू फुकट मिळाली तरी घरात आणू नये. घटकांत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल असे काही दिसले, तर वस्तू दुकानदाराला परत न करता अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात दाखवावी. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करणाऱ्या राजर्षी शाहूंच्या नगरीत डबीवरची चार ओळींची अक्षरे वाचायचा आळस शोभत नाही.

नवे प्रसाधन सणाच्या तोंडावर कधीही पहिल्यांदा लावू नये. ते आणायचेच असेल तर तीन आठवडे आधी आणावे, कोपराच्या आतल्या बाजूस आठ-दहा दिवस थोडे थोडे लावून पाहावे आणि खाज, लाली, पुरळ काही आले नाही तरच चेहऱ्याकडे वळावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणतेही मलम चेहऱ्याला लावू नये. ज्यांनी अशा निनावी क्रीमचा वापर काही महिने केला आहे, त्यांनी लाजेपोटी गप्प न बसता डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे आणि लघवीतील प्रथिनांची साधी तपासणी करून घ्यावी. ती डबीही सोबत न्यावी.

नरक चतुर्दशीला पहाटे अंगाला उटणे लागते. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा, चंदन, गुलाबकळी यांचे ते मिश्रण. ओळखीच्या काष्ठौषधीच्या दुकानातून साहित्य आणून ते घरी कुटले, तर त्यात काय आहे हे आपल्याला ठाऊक असते. उटण्याने कोणी गोरे होत नाही आणि आजीने तसे कधी सांगितलेही नाही. अंग स्वच्छ व्हावे, सुगंधित व्हावे, घरातल्या प्रत्येकाला आईच्या हाताचा स्पर्श व्हावा, एवढाच त्याचा हेतू. त्यात वर्णाची चौकशी नसते.

ज्या घरांत विवाहयोग्य मुले आहेत, त्यांच्यासाठी एक अखेरचे काम उरते आणि ते क्रीमच्या डबीपेक्षा अवघड आहे. तुळशीचे लग्न लागले की स्थळे पाहण्याचा हंगाम सुरू होईल. मुलाच्या माहितीपत्रकात अपेक्षांच्या रकान्यातून 'गोरी' हा शब्द खोडावा. मध्यस्थाने रंगाची गोष्ट काढली तर ती तेथेच थांबवावी. सणाला जमलेल्या पंगतीत कोणी एखाद्या मुलीच्या वर्णावर शेरा मारला, तर घरातल्या कर्त्या पुरुषाने किंवा थोरल्या बाईने सर्वांदेखत त्याला अडवावे. हे शंभर घरांनी केले तर महाद्वार रोडवरची एक फळी रिकामी होईल. हजार घरांनी केले तर दुकानदार दुसरा माल मांडील.